धनुष्याने शिकार: सुरुवात कशी करावी? धनुष्य कोणतं घ्यावं?

नवशिका_नेमबाज (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेली दोन वर्षं एका सहकाऱ्याच्या मागे मागे रानात हिंडतोय. तो धनुष्याने हरणाची शिकार करतो आणि मी दुर्बीण गळ्यात अडकवून मुकाट बसतो. यंदा ठरवलं की आपणही धनुष्य हातात घ्यायचं. मी राहतो तिथे रीतसर परवाना मिळतो, त्यासाठीचा अभ्यासवर्गही पुरा झालाय. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पहिले वीस प्रतिसाद कायद्यावरच व्हायचे.

माझा कल कंपाउंडकडे, म्हणजे चाकांच्या धनुष्याकडे आहे, ६० ते ७० पाउंडांचं. उंची १७० सें.मी., व्यायाम नियमित आहे, दंडात जोर आहे. हंगामाला चार महिने उरलेत. तेवढ्यात तयारी होईल ना? बाण कुठले घ्यावेत, टोकं कुठली, साईट (नेम धरायचं साधन) किती पिनांची, रिलीज (दोरी सोडायचं साधन) मनगटाचा की अंगठ्याचा? व्हिडिओ बघून डोकं गरगरतंय. एक म्हणतो हे घ्याच, दुसरा म्हणतो ते घेतलंत तर बुडालात. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगावं.

खुर्चीवाला

मी पयला. खुर्ची टाकून बसलो आहे.

तिसरा_कोन

"दंडात जोर आहे" एवढं वाचलं आणि पुढचा धागा दिसायला लागला. :)
भाऊ, धनुष्य दंडाने ओढत नाहीत, पाठीने ओढतात. दोन्ही खवाटे एकमेकांकडे सरकले पाहिजेत. दंडाने ओढणाऱ्याचा हात दहाव्या बाणाला थरथरतो आणि विसाव्या बाणाला तो शेजारच्याच्या लक्ष्यावर गुण मिळवतो.

कुंपणावरचा

कायद्याचं तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत, तरी वाचणाऱ्या इतरांसाठी एक ओळ: भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. ब्रिटनमध्ये परवान्याने बंदुकीची शिकार चालते, धनुष्याची चालत नाही. अमेरिकेत राज्यागणिक नियम वेगळे, बऱ्याच ठिकाणी हरणासाठी धनुष्याचं किमान ड्रॉ वेटही (ओढायला लागणारा जोर) ठरवून दिलेलं असतं. तेव्हा धागा वाचून कुणी उद्या उठून निघू नका.

पिसारा

मी शिकार करत नाही, लक्ष्यावर बाण मारते आणि नवख्यांना शिकवते. त्यामुळे माझं उत्तर पहिल्या अर्ध्या भागापुरतं.

धनुष्याआधी डोळा ठरवा. दोन्ही हात समोर लांब करून तळव्यांमध्ये एक छोटा त्रिकोण तयार करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबची एखादी वस्तू बघा. मग आळीपाळीने एकेक डोळा मिटा. जो उघडा असताना वस्तू त्रिकोणातच राहते, तो तुमचा वरचढ डोळा. उजव्या हाताने लिहिणाऱ्या पुष्कळ लोकांचा डावा डोळा वरचढ निघतो, आणि उजव्या हाताचं धनुष्य विकत घेईपर्यंत त्यांना ते माहीतच नसतं.

मग ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी किती मागे ओढता ते. भिंतीला पाठ लावून हात आडवे पसरा. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत इंचांत मोजा आणि २.५ ने भागा. तुमची उंची १७० म्हणजे हातांचा पसाराही साधारण ६७ इंच असेल. ड्रॉ लेंथ २७ च्या जरा आत येते. हा सुरुवातीचा अंदाज झाला, पक्कं माप धनुष्य ओढल्यावरच कळतं. पण कोणी तुम्हाला २९ म्हणत असेल तर त्याला फीत द्या आणि परत मोजायला सांगा.

ड्रॉ वेटसाठी माझी एकच परीक्षा. खुर्चीवर बसा, पाय जमिनीपासून उचला, धनुष्य लक्ष्याच्या रेषेत ठेवून सरळ मागे ओढा. ओढताना धनुष्य आभाळाकडे गेलं किंवा श्वास अडकला तर ते वजन तुमचं नाही. रानात थंडीने आखडलेल्या अंगाने, जाड कपड्यांत, हळू आणि आवाज न करता ओढायचं असतं. तिथे आभाळाकडे धनुष्य नेलंत की हरणाला तुमचा निरोप आधीच पोचतो.

खुर्चीवाला

खुर्ची माझ्याकडे आहेच. पाय उचलले. पुढे?

शब्दच्छल

ड्रॉ लेंथ, ड्रॉ वेट, रिलीज, साईट... मराठीत धनुष्याची काय कमी होती? प्रत्यंचा, भाता, शरसंधान असे शब्द असताना ही उसनवारी कशाला? ड्रॉ लेंथला "ओढीची लांबी" आणि ड्रॉ वेटला "ओढीचं वजन" सहज म्हणता येईल. आणि पिसाराताई, पसरलेल्या हातांच्या त्या मापाला मराठीत "वाव" म्हणतात.

तिसरा_कोन

म्हणजे धागाकर्त्याच्या तयारीला वाव आहे, फक्त तो २.५ ने भागायचा.

गप्पिष्ट_गवय्या

आणि "तुमची ओढ किती?" असं अनोळखी बाईंना विचारलं तर शिकारी कोण आणि सावज कोण ते दोन मिनिटांत कळेल. ह. घ्या.

पिसारा

घेतलं हलकं. शब्दच्छल, "वाव" आवडला. उद्यापासून वर्गात वापरणार.

सव्यसाची_नव्हे

डोळ्याचा एवढा घोळ अर्जुनाला नव्हता. दोन्ही हातांनी बाण मारायचा म्हणून तर सव्यसाची. आपण एका हाताचे, आपल्याला त्रिकोण करणं भाग आहे.

रानवाट

वीसेक वर्षं धनुष्याने शिकार करतोय. आधी पंधरा वर्षं कंपाउंड, आता बहुतेक वेळा रिकर्व्ह, म्हणजे बिनचाकांचं, टोकं पुढे वळलेलं धनुष्य. दोन्हींची बाजू सांगतो.

कंपाउंडचा फायदा वेगापेक्षा थांबण्यात आहे. चाकांमुळे पूर्ण ओढल्यावर भार उतरतो. ८० टक्के लेट-ऑफ असलेलं ६० पाउंडांचं धनुष्य पूर्ण ओढीला हातात १२ पाउंडांचंच भरतं. हरीण झाडामागे येऊन थबकलं आणि मिनिटभर हललंच नाही, असं दर हंगामात होतं. कंपाउंडवाला तेवढा वेळ ओढून उभा राहू शकतो. रिकर्व्हवाल्याच्या बोटांवर सगळा भार शेवटपर्यंत असतो. तो दोन-तीन सेकंदांत बाण सोडतो किंवा दोरी परत आणतो.

म्हणून नवख्याने शिकारीसाठी कंपाउंडच घ्यावं या मताचा मी आहे. पण ७० पाउंड कशाला? हरणाला ४५-५० पाउंडांचं जुळवलेलं धनुष्य पुरतं. आणि एक गोष्ट विकताना सांगत नाहीत: "७० पाउंड" लिहिलेलं शिकारीचं धनुष्य बहुधा ६० पर्यंतच खाली येतं. घेतल्यावर ४५ करू म्हणाल तर ते होत नाही, पाती, म्हणजे धनुष्याचे वाकणारे दोन भाग, बदलावी लागतात. त्यापेक्षा ४० ते ५० किंवा ५० ते ६० असा पल्ला असलेलं घ्या आणि तळापासून वर चढा.

आडवळण

अवांतर आहे, पण राहवत नाही. आजच्या चाकांच्या धनुष्याला जेमतेम साठेक वर्षं झालीत. मिझुरीच्या होलेस विल्बर ॲलनने १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ मध्ये ते मिळालं. त्याआधी शिकारी धनुष्य म्हणजे दांडी आणि दोरी.

अमेरिकेत धनुष्याच्या शिकारीचा छंद विसाव्या शतकात पुन्हा रुजला, त्यामागची गोष्ट तर जास्त चटका लावणारी. कॅलिफोर्नियातल्या 'याही' नावाच्या जमातीतला शेवटचा माणूस, ईशी, १९११ मध्ये एकटा, उपाशी अवस्थेत वस्तीत आला. पुढे तो विद्यापीठाच्या संग्रहालयात राहायला होता. तिथे त्याची सॅक्स्टन पोप या डॉक्टरशी मैत्री झाली. धनुष्य कसं करायचं, बाण कसे घडवायचे, जनावराच्या जवळ कसं जायचं, हे पोप त्याच्याकडून शिकला. ईशी १९१६ मध्ये क्षयाने गेला. ज्यांच्या भूमीवर आपण चालून गेलो त्यांच्यातल्या शेवटच्या माणसाकडून आपण विद्या घेतली, याचं त्या काळी तिथल्या गोऱ्यांपैकी कुणाला काय वाटलं असेल कोण जाणे.

एक_वाचक

आडवळण, नेहमीप्रमाणे धाग्याचं सोनं. वाचनखूण साठवली.

खांदेपालट

माझ्या आयडीमागची कथा सांगायची वेळ आली.

चाळिशीत छंद लागला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, थेट ४५ पाउंडांचं रिकर्व्ह घेतलं. दुकानात ओढून बघितलं, ओढलं गेलं, झालं. एकदा ओढता येणं आणि संध्याकाळी शंभर वेळा ओढता येणं यात किती अंतर असतं ते सहाव्या आठवड्यात कळलं. उजवा खांदा असा धरला की सदऱ्याच्या बाहीत हात जाईना. फिजिओथेरपी, बर्फ आणि सात महिने धनुष्याला हात नाही. परत सुरू केलं ते २० पाउंडांच्या पात्यांवर. आज ३८ वर आहे आणि तिथेच राहणार.

त्यातून शिकलो ते असं. पहिलं रिकर्व्ह पाती सुटी होणारंच घ्या. दांडा तोच ठेवून पाती बदलता येतात. आयएलएफ पद्धतीची जोडणी असेल तर एका बनवणाऱ्याची पाती दुसऱ्याच्या दांड्यात बसतात. आणि पात्यांवर लिहिलेले पाउंड २८ इंचांच्या ओढीला मोजलेले असतात. धागाकर्त्याची ओढ २७ च्या आत असेल तर त्याच्या बोटांवर दोन-तीन पाउंड कमी येतील, ते धरून हिशोब करावा.

नवशिका_नेमबाज (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. आता एक कबुली द्यायची आहे.
धागा काढायच्या आदल्या रात्रीच मागणी नोंदवून मोकळा झालो होतो. उजव्या हाताचं कंपाउंड, ६०-७० पाउंड, ओढ २९ वर लावलेली. बाण ३०० स्पाइनचे, डझनभर. म्हटलं कडक तेवढे चांगले. धागा खरं तर "छान घेतलंत" ऐकायला काढला होता.
डोळ्याची परीक्षा अजून केलेली नाही. भीती वाटते.

तिसरा_कोन

लग्न लावून पत्रिका बघायला आलेत.

खुर्चीवाला

खुर्ची पुढे ओढली.

रानवाट

अहो त्रिकोण करायला किती वेळ लागतो! करून टाका.
कंपाउंडची ओढ बहुतेकदा मॉड्यूल फिरवून किंवा बदलून कमी करता येते, तो प्रश्न सुटेल. हात मात्र बदलता येत नाही.

मोजपट्टी

बाणांबद्दल मी बोलतो, माझा आवडता विषय.

"कडक तेवढे चांगले" हा गैरसमज कसा होतो ते समजून घ्या. स्पाइनचा आकडा असा काढतात: बाणाची दांडी २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवायची, मधोमध १.९४ पाउंड म्हणजे ८८० ग्रॅम वजन टांगायचं, दांडी किती इंच लवते ते मोजायचं आणि हजाराने गुणायचं. अर्धा इंच लवली तर ५००. म्हणजे आकडा लहान तेवढा बाण कडक. पण बाणाने लवायला हवंच. दोरी सुटते तेव्हा तो वाकतो, उलटा वाकतो, आणि असा सळसळत धनुष्याला वळसा घालून जातो. फार कडक असला की वळत नाही, फार मऊ असला की जास्त वळतो, दोन्हीकडे नेम एका बाजूला ओढला जातो. कंपाउंडला रिलीज वापरलात तर हे बाजूचं लवणं कमी होतं, संपत नाही. बाण लांब ठेवलात किंवा टोक जड केलंत तर तोच बाण जास्त मऊ वागतो. पन्नासेक पाउंड आणि २७ च्या आतबाहेर ओढ असेल तर तुम्हाला ५०० च्या आसपासचे बाण लागतील. नेमकं काय ते बाण बनवणाऱ्याच्या तक्त्यात बघा.

आता वेग. सगळे व्हिडिओ वेगाच्या मागे लागलेले असतात, म्हणून एक गणित. तुमच्या धनुष्यातून बाण सेकंदाला २३५ फूट जातो असं धरा. ३० यार्ड म्हणजे ९० फूट, बाणाला ०.३८ सेकंद लागतात. दोरीचा आवाज सेकंदाला साधारण ११२५ फूट जातो, तो ०.०८ सेकंदांत पोचला. उरलेले ०.३० सेकंद हरणाकडे आहेत. दचकलेलं हरीण उडी मारण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसतं आणि बाण पाठीवरून निघून जातो. आता वेग ३०० केलात तर ही फट ०.२२ वर येते. आणि वेग २३५ च ठेवून दहा यार्ड जवळ गेलात तर ०.२० वर. जवळ जायला पैसे पडत नाहीत.

जोराचंही तेच. बाणाचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४५०२४०, ही फूट-पाउंडांतली ऊर्जा. ४२० ग्रेनचा बाण २३५ च्या वेगाने गेला तर ५१ च्या वर येते. हरणासाठी ती भरपूर आहे. ७० पाउंडांची गरज तुम्हाला आहे, हरणाला नाही.

गप्पिष्ट_गवय्या

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

पानगळ

मी बराच वेळ गप्प होते. तुम्ही सगळे इंच, पाउंड, ग्रेन बोलताय आणि समोर एक जिवंत प्राणी उभा आहे. बंदुकीने निदान लगेच संपतं. धनुष्य निवडायचं कारण काय, तर जास्त "आव्हान". आव्हान तुमचं आणि वेदना त्याची, हा कुठला न्याय?

कुंपणावरचा

पानगळ यांच्याशी सहमत नाही, पण प्रश्न रास्त आहे. कुणीतरी नीट उत्तर द्यावं. "पूर्वापार चालत आलंय" हे उत्तर चालणार नाही.

रानवाट

पानगळताई, मला तुमचं मन वळवायचं नाही आणि वळवता येईल असंही वाटत नाही. एक झालेली गोष्ट सांगतो.

तिसरा हंगाम. संध्याकाळ, नर ३५ यार्डांवर. लक्ष्यावर मी ४० यार्डांवरून तळहाताएवढ्या जागेत बाण मारत होतो, त्यामुळे मनात शंका नव्हती. बाण सुटला आणि त्याच क्षणी हरणाने एक पाऊल पुढे टाकलं. छातीऐवजी बाण मागे, पोटात लागला. बाण आरपार जाऊन जमिनीत होता, त्यावर हिरवट घाण आणि वास. त्याचा अर्थ मला वर्गात शिकवला होता: फुफ्फुसाला लागलं तर रक्त गुलाबी, फेसाळ, अर्धा तास थांबून माग काढा. यकृताला लागलं तर गडद लाल, चार ते सहा तास थांबा. पोटाला लागलं तर आठ ते बारा तास जागचे हलू नका, कारण ते जवळच जाऊन बसतं आणि तुम्ही गेलात तर उठून लांब पळतं.
मला सगळं पाठ होतं. तरी अंधार पडेल, पाऊस येईल या भीतीने वीस मिनिटांत उतरलो. ऐंशी पावलांवर ते बसलेलं होतं. मला बघून उठलं आणि गेलं. रात्री पाऊस आला. दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी आम्ही चौघे फिरलो. सापडलं नाही.

त्यानंतर दोन हंगाम धनुष्य उचललं नाही. आता २५ यार्डांच्या पुढे मी दोरी ओढतच नाही, समोर काहीही उभं असो. आडवं उभं असेल किंवा थोडं पलीकडे वळलेलं असेल तरच. समोरून येणारं, माझ्याकडे बघणारं, चालणारं, सगळी सोडून देतो. बहुतेक दिवस मी रिकामा घरी येतो.

"आव्हान" हा शब्द मलाही आवडत नाही. जवळ जावं लागतं म्हणून मी धनुष्य घेतो, एवढंच खरं आहे. ते तुम्हाला पुरेसं वाटणार नाही, हेही कळतं.

पानगळ

पुरेसं वाटत नाही. पण लपवलं नाहीत, त्याबद्दल आभार.

खांदेपालट

रानवाट, हे पहिल्यांदाच सांगितलंत ना इथे?

रानवाट

हो.

पिसारा

धागा थोडा जागेवर आणते. नवशिका, शिकारी टोकांबद्दल कुणी बोललेलं नाही.

रानवाट

बोलतो. बाण धक्क्याने मारत नाही, कापून मारतो. म्हणून टोकाची धार हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि नवखे सगळ्यात कमी लक्ष तिथेच देतात. टोकं दोन जातींची: धारेची पाती कायम बाहेर असलेली, आणि लागल्यावर उघडणारी. उघडणारी हवेत सरावाच्या टोकासारखी सरळ जातात, पण उघडण्यात काही जोर खर्च होतो आणि तिरकं लागलं तर घोळ करू शकतात. ४५-५० पाउंडांना मी डोळे मिटून कायम पात्यांची घेईन. सरावाचं टोक १०० ग्रेनचं असेल तर शिकारीचंही १०० चंच घ्या. आणि हंगामाआधी त्याच टोकांनी लक्ष्यावर मारून बघा. सरावाची आणि शिकारीची टोकं एका जागी लागत नसतील तर धनुष्य-बाणाची जुळणी चुकलीय, साईट फिरवून ती झाकू नका.
भाता असा घ्या की टोकं पूर्ण टोपणात झाकली जातील. आणि टोक बसवताना पाना वापरा, बोटं नकोत.

साईट एका पिनेची, २० यार्डांवर लावलेली. पाच पिना असल्या की ऐन वेळी चुकीची पीन धरली जाते. रिलीज मनगटाचा चालेल, पण बोट घोड्यावर झटक्याने पडत असेल तर अंगठ्याचा. मचाणावर चढणार असाल तर जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत पट्टा बांधलेला हवा. धनुष्य खांद्यावर घेऊन चढू नका, वर गेल्यावर दोरीने ओढून घ्या. बाकी कॅमोफ्लाज, सुगंध मारणारे फवारे वगैरे नंतर बघू. वारा तुमच्या तोंडावर असेल तर साधे कपडेही चालतात, पाठीवर असेल तर कुठलाच फवारा चालत नाही.

खुर्चीवाला

मी खुर्चीतून उठतोय, कारण एक धोका कुणी सांगितला नाही. बाण न लावता दोरी ओढून सोडू नये. कधीच नाही. माझ्याकडे आलेल्या पाहुण्याने "बघू कसं असतं" म्हणत माझं कंपाउंड ओढलं आणि सोडून दिलं. बाण नसला की तो सगळा जोर धनुष्यातच जिरतो. एक पातं उभं चिरलं, दोरी चाकावरून उतरून भिंतीवर आपटली. पाहुण्याला खरचटलंही नाही, म्हणून आज मी विनोद करतोय. धनुष्य घरात दिसेल असं ठेवू नका, आणि पाहुण्यांना दाखवायचंच असेल तर फोटो दाखवा.

शब्दच्छल

"मोकळी दोरी सोडणे" असं म्हणता येईल.

खुर्चीवाला

त्या वेळी मी जे म्हणालो ते मराठीच होतं, पण इथे लिहिता येणार नाही.

एक_वाचक

नवशिका कुठे गेले? डोळ्याचं काय झालं?

तिसरा_कोन

त्रिकोणात अडकले असतील.

रानवाट

ते येतील तेव्हा वाचतील म्हणून सराव कसा करायचा ते लिहून ठेवतो. पहिला महिना लक्ष्य पाच पावलांवर, त्यावर कागदसुद्धा लावायचा नाही. फक्त ओढ, टेकण (ओढलेला हात चेहऱ्याला टेकवणं), सोडणं. नेमाचा विचारच नको. मग हळूहळू मागे जा.
शेवटचा महिना उरला की रोज सकाळी एकच बाण. अंग न तापवता, पहिलाच, २० यार्डांवरून, आठ इंचांच्या वर्तुळात. हरणाच्या छातीतली मर्माची जागा साधारण तेवढीच असते. रानात दुसरा बाण बहुधा मिळत नाही, म्हणून दिवसाचा तीसावा बाण कुठे लागतो त्याला काही अर्थ नाही. तीस दिवस वहीत मांडा: लागला किंवा हुकला.

नवशिका_नेमबाज (धागाकर्ता)

साडेतीन महिन्यांनी येतोय, माफी.

डावा डोळा. दहा वेळा त्रिकोण केला, दहाही वेळा डावा. ते कंपाउंड एकदाही न ओढता खोक्यात पडून आहे.

मग तुम्ही सांगितलं तसं केलं. एका क्लबात जाऊन सहा आठवडे २२ पाउंडांच्या डाव्या हाताच्या रिकर्व्हवर काढले. पहिला आठवडा डावा हात माझा आहे यावर विश्वास बसत नव्हता. नंतर जुनं कंपाउंड मिळालं, डाव्या हाताचं, ४० ते ५० पाउंड, ओढ २६.५ वर लावून घेतली. खुर्चीवर पाय उचलून ४४ पाउंड शांतपणे ओढता येतात. बाण ५०० चे. मोजपट्टी, तुमचा तक्त्याचा सल्ला बरोबर होता.

रानवाट, तुमची वही भरली. तीस दिवस, तीस बाण, २० यार्ड. सव्वीस लागले. चार हुकले, त्यातले दोन आठ इंचांच्या बरेच बाहेर, खाली. त्या दोन्ही दिवशी थंडी होती आणि मी जाकीट घातलं होतं. दोरी बाहीला घासत असणार.

परवाना हातात आहे. पण त्या चारांकडे बघत बसलो आणि सहकाऱ्याला कळवलं की यंदाही दुर्बीणच घेऊन येतो.

रानवाट

बाहीवर घट्ट हातपट्टा बांधा आणि जाकीट घालूनच सराव करा. खाली जाणारे तेवढ्याने सुटावेत. वही चालू ठेवा.

पानगळ

वाचलं.

पिसारा

नवशिका, डावखुऱ्यांच्या वर्गात स्वागत. आमच्याकडे उसनं धनुष्य कुणीच मागत नाही, हा एक फायदा.

नवशिका_नेमबाज (धागाकर्ता)

:) आता एकच उरलं. खोक्यातलं उजव्या हाताचं कंपाउंड, ६०-७० पाउंड, न वापरलेलं, सोबत ३०० चे डझनभर बाण. कुणाला हवं आहे का?

गप्पिष्ट_गवय्या

मला हवंय! किती दिवस मनात होतं. दंडात जोरही आहे.

तिसरा_कोन

गवय्या, आधी दोन्ही हात समोर लांब करा...